शिळं पाणी

हेळवाकचा फाटा सोडला आणि आबांनी
पायाखाली नसलेला ब्रेक दाबला.
गाडी शिकून तीन महिने झाले मला.
ते अजून प्रत्येक पुलावर, प्रत्येक म्हशीसाठी
रबरी चटई दाबतात.

ऑक्टोबर. काचेवर ऊन टेकलेलं.
भाताच्या लोंब्या वाकलेल्या, दरडीला सोनकी,
आषाढात रस्त्यावर आलेला डोंगराचा तुकडा
कडेला सारून ठेवलाय,
त्याच्यावर तेरडा उगवला, फुलला, वाळलासुद्धा.

"इथं एक धबधबा होता ना?"
"हाय की. बसलाय."
कातळावर नुसता ओला काळा पट्टा,
पाटीवरचं चुकलेलं गणित थुंकीनं पुसावं तसा.
पुढचा सुतळीएवढा.
त्याच्या पुढच्याखाली दोन पोरं मोटारसायकल धूत होती,
आबांनी काच खाली घेतली,
काही बोलले नाहीत, काच वर घेतली.

सव्वीस पावसाळे आबांनी नवजाला पाऊस मोजला.
सकाळी आठ म्हणजे आठ.
नरसाळं, बाटली, काचेचं मोजपात्र,
डोळ्याच्या रेषेत पाणी, वहीत आकडा.
घरात न वाळणारी लुगडी, बुरशीचा वास,
आईचा खोकला.
तो कुठल्या रकान्यात भरायचा, सांगितलं नव्हतं कुणी.

तीनशे बारा मिलिमीटर.
हा आकडा मला पाढ्यासारखा पाठ आहे.
चौघांनी तिला घोंगडीच्या डोलीतून कोयनानगरला नेलं
त्या सकाळचा.
आबा मागून आले. आठ वाजून गेल्यावर.

वनखात्याच्या फाटकाशी काकड्या विकणारी शेवंता झोरे
त्यांना बघून उठली.
"पाऊसवालं आबा! आता वो काय बघाया आलासा?
पानी तर सरलं."
दोन काकड्या दिल्या, एकीचे पैसे घेतले.
चढताना आबा दर दहा पायऱ्यांनी थांबत,
आणि थांबलो ते झाड दाखवायला, असं भासवत.
हा अंजन. हा पिसा. हा... ह्याचं नाव गेलं बघ.

ओझर्डे.
फोटोतला तो पांढरा गडगडाट नाही,
वाऱ्यानं मध्येच बाजूला नेलेलं,
परत आपल्या जागी येऊन पडणारं पाणी.
एक नवरा-बायको हिरमुसून फोन खिशात टाकत होते.
शीळकऱ्याची शीळ ऐकू येईल
इतपतच आवाज.

"हे शिळं पानी," आबा म्हणाले.
"आजचं न्हवं. आज कुठं पाऊस हाय?
हे श्रावणातलं, आषाढातलं.
मुरतंय, मुरतंय, आन् सवडीनं खाली येतंय."

मग मी विचारलंच.
एकवीस वर्षं तोंडात धरलेलं, कसलंही निमित्त न करता:
त्या दिवशीचं पाणी कुठं गेलं?
कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही.
काकडीचं देठ सोलत राहिले.
"ते तवाच गेलं. डोंगराला प्यायला वेळच दिला न्हाई त्यानं.
सगळं धरणात."
आणि बऱ्याच वेळानं, पाण्याकडे बघत,
"जरा कमी पडलं असतं, तर ऱ्हायलं असतं काय तरी."

पावसाबद्दल बोलत होते का, मला कळलं नाही.
वही बंद करावी तसे ते उठले,
खाली वाकून रिकाम्या बाटलीत पाणी घेतलं,
आणि सवयीनं
डोळ्यांच्या रेषेत धरलं.
हात थरथरत होता. पाणी ठरेना.
मी बाटलीला खालून हात दिला.
तरी ठरेना.

परतताना उन्हं शिवसागरावर आडवी झाली होती.
आबा पाटीशी पोचायच्या आतच झोपले,
तोंड किंचित उघडं, मांडीवर बाटली,
पाय चटईवर सैल.
वळणं आली, म्हशी आल्या,
दाबलं नाही त्यांनी काही.

पुलावर मीच उगीच ब्रेक दाबला.